खांब, दोरी आणि नियमावली

उदय विश्वनाथ देशपांडे हे दादरच्या शिवाजी पार्कवरील श्री समर्थ व्यायाम मंदिराचे प्रमुख कार्यवाह आणि मल्लखांबाचे आंतरराष्ट्रीय प्रशिक्षक. २०२४ च्या प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येला पद्म पुरस्कार जाहीर झाले, त्यांत क्रीडाक्षेत्रातील कामाबद्दल त्यांना पद्मश्री मिळाली. पोटापाण्यासाठी त्यांनी सीमाशुल्क खात्यात नोकरी केली आणि बाकीचा वेळ मैदानाला दिला. पुरस्काराच्या वेळी सरकारने त्यांच्या कामाची जी ओळख करून दिली, तीत दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत. पन्नास देशांतील पाच हजारांहून अधिक लोकांना त्यांच्या संस्थेत शिक्षण मिळाले, ही पहिली. मल्लखांबाचे नियम आणि गुणदानाचे निकष प्रमाणित केले, ही दुसरी. पहिली गोष्ट चटकन डोळ्यांत भरते. दुसरी रुक्ष वाटते, पण देशपांडे यांच्या कारकिर्दीचे खरे वजन तिच्यातच आहे. खांबावरची कला आठशे-नऊशे वर्षे टिकली. तिचा खेळ झाला तो नियमावली, पंच आणि प्रमाणपत्र यांच्या जोरावर.

ही कारकीर्द जिथे घडली ती जागा आधी पाहायला हवी. माहीम पार्क या नावाने हे मैदान १९२५ मध्ये लोकांसाठी खुले झाले आणि नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहावरून १९२७ मध्ये त्याला शिवाजी पार्क हे नाव मिळाले. श्री समर्थ व्यायाम मंदिरही १९२५ चेच. पु. ल. काळे गुरुजींनी ते सुरू केले. त्यांचा उल्लेख आजही ‘व्यायाममहर्षी’ असाच होतो. समर्थ रामदासांनी मारुतीची आणि बलोपासनेची सांगड घातली होती, तिचा वारसा संस्थेच्या नावातच आहे. त्या काळी गिरगावच्या वाड्यांतून आणि लालबाग-परळच्या गिरणगावातून तालमी, व्यायामशाळा आणि हुतुतूचे संघ होते. दिवसपाळी संपवून आलेला गिरणी कामगार संध्याकाळी चाळीपुढच्या पटांगणात उतरत असे. दादरमध्ये वस्ती पांढरपेशांची अधिक होती, शाळा होत्या, त्यामुळे इथली व्यायामशाळा मुलांभोवती उभी राहिली.

समर्थमध्ये एकच खेळ कधीच नव्हता. मल्लखांब, जिम्नॅस्टिक्स, खो-खो, कबड्डी आणि योगासने एकाच आवारात चालत. प्रशिक्षकाच्या दृष्टीने याचा फायदा मोठा असतो. सहा-सात वर्षांचे मूल कोणत्या खेळासाठी जन्माला आले आहे हे त्याच्या आईवडिलांनाच काय, त्यालाही ठाऊक नसते. खो-खोत चपळ असलेली मुलगी दोरीवर पाहता पाहता वर चढते. खांबावर वजनाने मागे पडणारा मुलगा कबड्डीत पाय रोवून उभा राहतो. कोलांटी, हातावरचा तोल आणि कमरेचा लवचीकपणा तर जिम्नॅस्टिक्स आणि मल्लखांब यांचे सामाईक भांडवल आहे. एप्रिल-मे महिन्यांतल्या व्यायाम शिबिरांना शेकडो मुले येतात, त्यांतली बहुतेक सुट्टीपुरतीच असतात. जी जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावरही संध्याकाळी येत राहतात, त्यांच्यातून खेळाडू निघतात. पाहणाऱ्याला शिबिर म्हणजे गोंगाट वाटतो. प्रशिक्षकासाठी ती निवड चाचणीच असते आणि मुलांना त्याचा पत्ताही नसतो.

देशपांडे यांच्या हाती आलेला खेळ फार जुना आणि फार विस्कळीत होता. चालुक्य राजा सोमेश्वराच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथापर्यंत त्याचे धागे नेले जातात. पुढे पेशवाईच्या उत्तरकाळात बाळंभटदादा देवधर यांनी त्याला नवे रूप दिले. परंपरेने सांगितली जाणारी कथा अशी: निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब हे दोन पहिलवान पुण्यात आले आणि त्यांनी दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात आव्हान दिले. कोवळ्या बाळंभटांनी विडा उचलला, वणीच्या सप्तशृंगीच्या डोंगरावर उपासना केली, तिथल्या माकडांच्या उड्यांवरून डावपेच बसवले आणि परत येऊन अलीला चीत केले. कथेतला दैवी भाग बाजूला ठेवला तरी तिच्यातला शारीरिक तर्क पक्का आहे. मल्लखांब हा मल्लाचा लाकडी जोडीदार. न थकणारा, न दुखावणारा आणि एकदाही सूट न देणारा. पकड, अढी, उलटून चढणे हे सगळे कुस्तीचे डाव त्याच्या अंगावर हजारदा करता येतात. बाजीराव ब्रह्मावर्तास गेल्यावर बाळंभटांची विद्याही बरोबर गेली. नानासाहेब पेशवे, तात्या टोपे आणि झाशीच्या राणी लक्ष्मीबाई यांच्या बालपणीच्या व्यायामात मल्लखांब होता असे परंपरा सांगते.

विसाव्या शतकात या विद्येची दप्तरी नोंद सुरू झाली. बडोद्याचे द. चिं. ऊर्फ आबासाहेब मुजुमदार यांनी संपादलेल्या दहा खंडांच्या व्यायाम ज्ञानकोशात भारतीय व्यायामप्रकार सचित्र आणि सविस्तर आले. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने जर्मनीत देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. पण प्रात्यक्षिक आणि स्पर्धा यांत फरक आहे. प्रात्यक्षिकात टाळ्या मिळतात, निकाल लागत नाही. राष्ट्रीय स्पर्धेच्या मांडवात मल्लखांब आला तो जिम्नॅस्टिक्सचे बोट धरून: १९६२ मध्ये ग्वाल्हेरला राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्सबरोबर मल्लखांबाची स्पर्धा झाली. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात ते बोट सुटले आणि काही वर्षे खेळाला राष्ट्रीय व्यासपीठच उरले नाही. मग स्वतंत्र मल्लखांब महासंघ उभा राहिला आणि जानेवारी १९८१ मध्ये उज्जैनला त्याची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. पाहुणा म्हणून राहणाऱ्या खेळाचे काय होते, हे त्या मधल्या रिकाम्या वर्षांनी दाखवून दिले होते.

नियम कशासाठी लागतात हे समजायला खांबाजवळ जाऊन उभे राहावे लागते. पुरलेला मल्लखांब सागवानी किंवा शिसवी असतो, जमिनीच्या वर सुमारे साडेआठ फूट. बुंध्याचा घेर साधारण पंचावन्न सेंटीमीटर आणि वर निमुळता होत गेलेला. खालच्या मोठ्या भागाला अंग म्हणतात, वरच्या अरुंद भागाला मान आणि टोकावरच्या गोल गुंडीला बोंड. लाकडाला एरंडेल तेल लावतात, म्हणजे अंग घासून सोलवटत नाही. तळव्यांना आणि मांड्यांना राळ लावतात, म्हणजे पकड सुटत नाही. तेल जास्त झाले की खेळाडू घसरतो, कमी झाले की कातडी निघते. एरंडेल आणि राळ यांचा मिसळलेला उग्र वास ज्याच्या लहानपणात आहे, तो त्याला जन्मभर विसरत नाही.

खेळाडू आधी खांबाला हात लावून नमस्कार करतो. मग उडी. बगली, दसरंग, फिरक्या, सुईदोरा, वेल, ताजवा, फरारे ही त्या पुढच्या नव्वद सेकंदांतली शब्दसंपदा आहे. दसरंगात खांब पाठीमागे असतो, हात डोक्यामागून त्याला धरतात आणि पाय पोटाच्या ताकदीने वर जाऊन उलट अढी घालतात. पाहणाऱ्याला एक झटका दिसतो. पंचाला त्यात चार प्रश्न दिसावे लागतात: अढी पहिल्याच प्रयत्नात बसली का, गुडघे आणि पंजे सुटले का, वर गेल्यावर तोल स्थिर झाला का, आणि उतरताना पाय जमिनीवर ठाम टेकले का.

दोरीचे गणित निराळे आहे. पूर्वी वेत वापरत. वेत मिळणे कठीण झाले आणि त्याच्या जागी सुती दोरी आली. अठरा-वीस फुटांवरून सोडलेली ही दोरी पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या बेचक्यात धरून वर चढायचे, अंगाभोवती वेढे घ्यायचे, एकही गाठ न मारता हवेत पद्मासन, शवासन, नटराज अशी आसने स्थिर करायची. नवख्या मुलीच्या अंगठ्याजवळची कातडी पहिले काही आठवडे सोलते, मग तिथे घट्टा पडतो आणि चढणे सोपे होते. टांगता मल्लखांब हा तिसरा प्रकार. साखळीला अडकवलेला आखूड खांब खेळाडूबरोबर फिरतो आणि झोके घेतो, म्हणून तोल सांभाळणे दुप्पट अवघड.

आता हाच खेळ पुणे, सातारा, उज्जैन, अमरावती आणि दादर अशा ठिकाणी आपापल्या उस्तादाच्या पद्धतीने चालला आहे अशी कल्पना करावी. एका आखाड्यात अवघड मानलेली उडी दुसरीकडे प्राथमिक धड्यात असते. खांबाचा घेर दोन बोटांनी वाढला की छोट्या मुलाची अढीच बसत नाही. वयोगट, खांबाचे माप, संचाचा वेळ, सक्तीच्या आणि ऐच्छिक संचांची विभागणी, अवघडपणाची प्रतवारी, चुकीला किती गुण कापायचे, पडल्यावर पुन्हा चढू द्यायचे की नाही, हे सगळे लिहून ठेवल्याशिवाय नागपूरचा मुलगा आणि मुंबईचा मुलगा यांची तुलना होऊच शकत नाही. मल्लखांब महासंघातील आणि महाराष्ट्रातील अनेक जाणत्यांनी मिळून हे काम केले, आणि त्यात देशपांडे यांचा वाटा देशानेही मान्य केला. पंचांच्या उजळणी वर्गाला प्रेक्षक येत नाहीत. तरी स्पर्धेची विश्वासार्हता तिथेच ठरते, आणि या कामाचे मोल कमी लेखण्याची आपली सवय खेळांना महागात पडली आहे.

याच मैदानावरच्या दुसऱ्या थोर गुरूशी तुलना केली की मुद्दा स्पष्ट होतो. रमाकांत आचरेकर सरही नोकरदार, भारतीय स्टेट बँकेतले. शिवाजी पार्कवरच्या नेटमध्ये त्यांनी क्रिकेटपटूंच्या पिढ्या घडवल्या. १९९० मध्ये द्रोणाचार्य आणि २०१० मध्ये पद्मश्री मिळाली. मात्र पायचीतचा नियम त्यांना लिहावा लागला नाही. क्रिकेटची नियमावली, धावफलक, शाळा-शाळांच्या ढाली, वर्तमानपत्रांतले रकाने हे सर्व त्यांच्या आधीपासून तयार होते. मल्लखांबाच्या प्रशिक्षकाला शिष्य घडवता घडवता स्पर्धा, पंच आणि प्रेक्षकसुद्धा घडवावे लागले. शिष्य आणि संस्था या दोन्ही आघाड्या एकाच माणसाने संध्याकाळच्या वेळात सांभाळायच्या, हे या कारकिर्दीचे वेगळेपण.

खेळ कोणाचा, या प्रश्नाला देशपांडे यांनी दिलेले उत्तर त्यांच्या कामात सर्वांत मोलाचे मानावे लागेल. मल्लखांब म्हणजे लंगोट लावलेल्या, पिळदार शरीराच्या मुलांचा खेळ, ही समजूत घट्ट होती. दोरीने मुलींसाठी दार उघडले आणि पुढे मुली पुरलेल्या खांबावरही आल्या. स्त्रिया, दिव्यांग, अनाथ मुले, आदिवासी मुले आणि ज्येष्ठ नागरिक या सगळ्यांपर्यंत त्यांनी मल्लखांब नेला. दादरमध्येच असलेल्या कमला मेहता अंधशाळेच्या मुलींनी दोरीवर केलेली प्रात्यक्षिके पाहिलेल्या माणसाला वेगळा युक्तिवाद ऐकवावा लागत नाही.

दृष्टिहीन मुलीला दोरीवर शिकवणे म्हणजे चमत्कार नव्हे, ते शिक्षणशास्त्र आहे. चेंडूच्या खेळात चेंडू दूर असतो, धावण्यात रस्ता पुढे असतो. दोरी मात्र सतत अंगाला चिकटलेली असते. वेढा मांडीवरून गेला की कमरेवरून, ताण कोणत्या बाजूला आहे, हे डोळ्यांपेक्षा कातडीच जास्त अचूक सांगते. डोळस मुलेही सरावल्यावर दोरीकडे बघत नाहीत. फक्त शिकवणाऱ्याची पद्धत पूर्ण बदलते. करून दाखवण्याची सोय उरत नाही. प्रत्येक हालचालीचे तुकडे पाडून शब्दांत सांगावे लागते आणि मुलीचा पाय हाताने धरून योग्य जागी ठेवावा लागतो. उंचीची भीती दिसण्यातून येते तशी न दिसण्यातूनही येते, म्हणून पहिले अनेक दिवस जमिनीपासून हातभर अंतरावरच काढावे लागतात. इतके सूक्ष्म शिकवता आले की तेच शिक्षण सर्वांना उपयोगी पडते.

परदेशी शिकणारेही याच पद्धतीचे लाभार्थी ठरले. भाषा समजत नाही अशा जर्मन किंवा जपानी विद्यार्थ्याला हालचालीचा प्रत्येक तुकडा स्वच्छ वेगळा करून द्यावा लागतो. युरोप-अमेरिकेत जिम्नॅस्टिक्स, सर्कस आणि योग यांच्यामुळे शरीर तयार असलेली माणसे होती, त्यांना मल्लखांबात तिन्हींचा संगम सापडला. त्यांतले काही दादरला येऊन राहिले, शिकले आणि आपल्या गावी खांब रोवून बसले. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनीही मुलांसाठी वर्ग सुरू केले. न्यू जर्सीत चिन्मय पाटणकर यांनी उभी केलेली संघटना त्यांतली ठळक. परदेशातल्या रविवारच्या मराठी शाळांत बाराखडी शिकणाऱ्या मुलांना ‘बगली’ आणि ‘दसरंग’ हे शब्दही आता आपले वाटतात.

या सगळ्यातून विश्व मल्लखांब फेडरेशन आणि पहिली जागतिक स्पर्धा हे पाऊल पडले. १६ आणि १७ फेब्रुवारी २०१९ रोजी शिवाजी पार्कवर ही स्पर्धा झाली. अमेरिका, जर्मनी, जपान, मलेशिया, सिंगापूर यांच्यासह सुमारे पंधरा देशांचे खेळाडू आले. सांघिक विजेतेपद भारताचे. वैयक्तिक विजेतेपदे दीपक शिंदे आणि हिमानी परब यांनी मिळवली. विजेते भारतीय असणार हे अपेक्षितच होते. त्याहून मोठी गोष्ट अशी की परदेशी खेळाडूंना गुण देताना नियमावली हातात होती आणि ती सर्वांना सारखी लागू होती. शतकभरापूर्वी ज्या मैदानावर गल्लीतली मुले जमवून व्यायाम सुरू झाला, त्याच मातीत परक्या देशांचे झेंडे लागले. दुसरी जागतिक स्पर्धा २०२३ मध्ये भूतानमध्ये झाली, म्हणजे स्पर्धा यजमानाच्या अंगणातून बाहेर पडली. संघटक म्हणून ही पायरी पहिलीपेक्षा अधिक महत्त्वाची म्हणायला हवी.

त्याच सुमारास देशातली सरकारी दारेही उघडू लागली. मध्य प्रदेशाने २०१३ मध्येच मल्लखांबाला राज्याचा खेळ घोषित केले होते. २०२० मध्ये केंद्र सरकारने खेळाडूंच्या नोकरभरतीसाठी पात्र खेळांची यादी ४३ वरून ६३ वर नेली, तीत मल्लखांब आला. त्याच वर्षी उज्जैनचे प्रशिक्षक योगेश मालवीय यांना मल्लखांबासाठी द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. २०२१ च्या यादीत हिमानी परब यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, त्याच्या पुढच्या वर्षी सागर ओव्हळकर यांना. २०२२ मध्ये खेलो इंडिया युवा स्पर्धेत आणि गुजरातमधील राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत मल्लखांब पदकांसह खेळला गेला.

या याद्या कंटाळवाण्या वाटतील, पण परळच्या किंवा दादरच्या दोन खोल्यांच्या घरात त्यांचा अर्थ थेट असतो. मुलगी दहावीत गेली की दोरी सुटते, हे प्रत्येक प्रशिक्षकाचे दुःख आहे. आईवडील वाईट नसतात. त्यांना क्लासची फी आणि पुढची नोकरी दिसत असते. खेळाचे प्रमाणपत्र सरकारी भरतीत चालते असे एकदा कागदावर आले की तीच आई मुलीला बारावीपर्यंत मैदानावर पाठवते. मल्लखांबात परिपक्वता यायला सात-आठ वर्षे लागतात. ती वर्षे खेळाडूला मिळवून देण्याचे काम प्रशिक्षकाच्या शिट्टीने होत नाही, मान्यतेच्या आदेशाने होते. संघटकाचा पत्रव्यवहार हा म्हणूनच प्रशिक्षणाचाच भाग आहे.

काम पुरे झाले असे मात्र म्हणता येत नाही. मल्लखांबाचा प्रसार अजूनही थोड्या शहरांत आणि थोड्या व्यक्तींच्या खांद्यांवर आहे. चांगला खांब घडवणारे कारागीर मोजके, शाळांत उंच छत आणि गाद्या असलेली जागा दुर्मीळ, आणि मुंबईत तर मोकळी जमीन हीच सर्वांत महाग वस्तू. जागतिक स्तरावर देशांची संख्या दिसते, पण प्रत्येक देशात स्वतंत्रपणे स्पर्धा घेऊ शकतील असे पंच हवेत, त्यांचे वर्ग हवेत. प्रात्यक्षिकांची लोकप्रियता इथे थोडी आडही येते. दहीहंडी असो, स्वागतयात्रा असो की दूरचित्रवाणीवरचा कार्यक्रम, मल्लखांब ‘दाखवण्या’साठी बोलावला जातो; स्पर्धा पाहायला त्या मानाने कमी लोक येतात.

कबड्डीचा दाखला समोर आहे. गिरणगावच्या पटांगणांत वाढलेल्या या खेळाला शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांच्यासारखा संघटक मिळाला. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. हौशी कबड्डी महासंघ १९७२ मध्ये स्थापन झाला आणि १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचा खेळ म्हणून जागा मिळाली. मधली अठरा वर्षे शेजारी देशांत संघ उभे करण्यात, नियम एकसारखे करण्यात आणि पत्रे लिहिण्यात गेली. मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा २०१९ ची. त्या हिशेबाने हा खेळ अजून वाटेच्या सुरुवातीलाच आहे.

श्री समर्थ व्यायाम मंदिराने २०२५ मध्ये शंभर वर्षे पूर्ण केली. शिवाजी पार्कवर संध्याकाळी फिरायला जाणाऱ्यांनी कट्ट्यावरून एकदा उठावे आणि व्यायाम मंदिरापाशी दहा मिनिटे थांबावे. घरात सहा-सात वर्षांचे मूल असेल, तर त्यालाही बरोबर न्यावे.